मॅडमच्या बाजूचा ब्रेक

तिला सगळे मॅडम म्हणतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते म्हणून शिकणारे म्हणतात ते ठीकच, पण कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, घरमालकीण म्हणते, आणि चिडवायचं असलं की सख्खी वहिनीसुद्धा म्हणते. फक्त दादा तिला छोटी म्हणतो. छोटीने चाळिशी ओलांडली, जिना चढताना तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्याच्या लेखी ती छोटीच.

मॅडमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. तिच्या पायाला त्या दुसऱ्या ब्रेकची इतकी सवय झालीय की बसमध्ये पार मागच्या सीटवर बसलेली असली, तरी समोर कुणी आडवं आलं की तिचा पाय खाली दाबला जातो. शिकणाऱ्यांची त्यामुळे चैन असते. त्यांची तारांबळ उडायच्या आत गाडी थांबलेली असते आणि त्यांना वाटतं, आपणच थांबवली. मग परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसतो, तो बापडा हाताची घडी घालून बसतो, आणि यांची दांडी गुल होते. मॅडमचे विद्यार्थी नापास होण्यात आघाडीवर आहेत. हे तिच्या तोंडावर कुणाला बोलवत नाही, कारण बाई जीव लावून शिकवते.

रविवारी दुपारी मात्र ही जीव लावणारी बाई राक्षस होते.

दादाचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे कामाची लांबट खोली. खोलीत एका भिंतीला कागद कापायचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला चाक फिरवून आवळायचा जुना लोखंडी प्रेस, आणि सगळीकडे सरसाचा वास. रविवारी दुकान बंद असतं. मग मधल्या मोठ्या टेबलावरचे पुठ्ठे उचलले जातात, सरसाचं भांडं कडेला सरकतं, चहाचा थर्मास येतो आणि खेळ सुरू होतो. यात एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो. गोष्टीतली गावं, जंगलं, पाऊसपाणी आणि झाडून सगळे राक्षस त्याच्या ताब्यात. बाकीचे एकेक वीर घेतात आणि आपापला वीर काय करतो ते सांगतात. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला की काम फत्ते, लहान पडला की बोंबला. इथे सूत्रधार मॅडम. दादाचा भालेवाला, वहिनीची वैदू आणि फ्यूजचा चोर.

फ्यूज म्हणजे गल्लीतला इलेक्ट्रिशियन. मॅडमचा जुना विद्यार्थी, खरं तर अजूनही विद्यार्थीच, कारण परवाना त्याला काही केल्या मिळत नाही. हिरवा दिवा लागायच्या आधी याची गाडी निघालेली असते. खेळातही तीच तऱ्हा. राक्षस दिसायचा अवकाश, याचा चोर सुरा काढून धावत सुटतो.

आणि त्याचं कधी काही वाकडं होत नसे. मॅडम राक्षसांचा फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायची. तो आडोसाही दादानेच बांधून दिलेला, तीन पानी, कापडी सांध्यांचा, बाहेरून छान मरून रंगाचा. त्या आडोशामागे मॅडमचा दुसरा ब्रेक होता. फासा अठरा दाखवायचा आणि मॅडम ‘चार’ म्हणायची. कुणाचा वीर मेटाकुटीला आला की राक्षसाला एकाएकी धाप लागायची, नाहीतर त्याचा पाय घसरायचा. इतके घसरट राक्षस कुठल्याच जंगलात नसतील.

तोंडाने मात्र ती काही कमी करायची नाही. ‘अक्राळविक्राळ! महाभयंकर! असा आजवर कुणी पाहिला नसेल!’ हे ती पुलावर उभ्या असलेल्या राक्षसाबद्दल म्हणायची आणि धान्याच्या कोठारातल्या उंदरांबद्दलही म्हणायची. सुरुवातीला सगळे दचकले असतील. पुढे पुढे अक्राळविक्राळ ऐकलं की फ्यूज बिस्किटाला हात घालायला लागला.

तो पुलावरचा राक्षस दादाने एकट्याने मारला होता. वहिनीची वैदू बेशुद्ध, चोर नदीत, आणि भालेवाला एकटा पुलावर. दादा मुळात मोजकं बोलणारा माणूस. गिऱ्हाईक आलं की ‘शुक्रवारी मिळेल’ एवढंच त्याचं बोलणं. पण त्या लढाईनंतर तो गिऱ्हाइकांना थांबवून पूल सांगायला लागला. शाळेची हजेरीबुकं बांधून न्यायला आलेल्या शिपायाला त्याने पूल सांगितला, वकिलीणबाईंना सांगितला. वहिनी म्हणायची, ‘लग्नात एवढे बोलले असते तर मी पळून गेले असते.’ पण ती हसत म्हणायची.

हे सगळं एका बिस्किटाने उधळलं. त्या रविवारी पुडा मॅडमच्या बाजूला राहिला होता. वीर नुकतेच खाणीशेजारच्या एका गावात पोचले होते. खाणीत काहीतरी शिरलंय, आत कामगार अडकलेत, त्यांना सोडवून आणू असा शब्द त्यांनी गावाला दिला होता. वाटेत किरकोळ दरोडेखोर भेटले, त्यांचा वार पडायचा होता. मॅडमने फासा टाकला, ‘तीन, हुकला’ म्हणाली, आणि नेमका तेव्हाच फ्यूज पुडा घ्यायला तिच्या मागे आला.

‘अहो मॅडम, हे तर एकोणीस आहे!’

फ्यूजच्या मनात काहीच नव्हतं. त्याला वाटलं, मॅडमना चष्मा लागला. पण मॅडमचा चेहरा असा उतरला की चष्म्याची शंका कुणालाच राहिली नाही. वहिनीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा दादाकडे. दादा कागद कापायच्या पट्टीशी चाळा करत होता. ती खाली ठेवून त्याने विचारलं,

‘आणि पुलावरचा?’

मॅडमला खोटं बोलता आलं असतं. आडोशामागे तेच तर ती करत होती. पण तोंडावर विचारल्यावर तिला ते जमेना.

‘तू मेला होतास दादा,’ ती म्हणाली. ‘केव्हाच. तुझं मन मोडवेना म्हणून...’

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडण करून मोकळं होता आलं असतं. तो उठला, पुठ्ठे पुन्हा टेबलावर मांडायला लागला आणि फ्यूजला म्हणाला, ‘पुडा घेऊन जा घरी.’

त्या आठवड्यात मॅडमचं कशात लक्ष लागेना. वहिनीचा फोन आला. ‘जेवतात, झोपतात, सगळं ठीक आहे. पण खेळाचा विषय काढला की प्रेसला तेल द्यायला उठतात. किती तेल पितोय तो प्रेस! तू येऊन काय ते बोल बाई.’

मॅडम गेली. दादा एका जाड पुस्तकाच्या पाठीवर कापड ताणून बसवत होता. तिने स्टूल ओढलं.

‘दादा, चुकलं माझं. पण वाईट हेतू नव्हता रे.’

‘ते माहितीये मला.’

‘मग?’

दादाने कापडाची सुरकुती अंगठ्याने काढली. ‘हे दुकान बाबांचं. घर सासऱ्यांनी घेऊन दिलं. कापायचं यंत्र तू हप्ते भरून आणलंस. मला कशाबद्दल तक्रार नाही गं, चांगलं चाललंय. पण त्या पुलावर मी एकटा होतो असं मला वाटत होतं. आयुष्यात तेवढी एक गोष्ट मी स्वतः केली होती, तीही तूच करून दिलीस.’

 राक्षस, चोर, वैदू, सगळी खोटी माणसं, पण त्यात दादाचं केवढं खरं अडकलं होतं, हे तिला आत्ता दिसलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

‘मग पुन्हा खेळू या,’ ती म्हणाली. ‘खरं.’

‘आडोसा नाही. फासे टेबलावर, सगळ्यांसमोर. आणि वाचवायचं नाही.’

‘आणि मेलास तर?’

‘तर मेलो. दुसरा वीर घेणार नाही मी, हे आत्ताच सांगतो. तो आहे तोवर खेळेन.’

झालं. म्हणजे आता भालेवाला गेला की दादाही गेला, आणि दादाशिवाय रविवारची दुपार कसली? वहिनी पडदे शिवत बसेल, फ्यूज कुणाचे तरी पंखे खोलेल, आणि दादा पुन्हा ‘शुक्रवारी मिळेल’ एवढ्यावर येईल. मॅडमने शब्द दिला खरा, पण दुकानाची पायरी उतरताना तिला खाण आठवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाणीत तिने जे ठेवलं होतं ते या तिघांच्या ऐपतीच्या फार बाहेरचं होतं. ठेवताना तिने विचारच केला नव्हता. ब्रेक होता ना!

ते बदलून त्याजागी एखादं बारकं अस्वल ठेवणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण कुणाला कळणार नाही, हाच तर जुना धंदा. ती तसं करणार नव्हती. मग एकच मार्ग उरला: ते किती भारी आहे हे त्यांना आधी कळायला हवं, म्हणजे काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येईल. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. सांगणार कसं? अक्राळविक्राळ उंदरांवर खर्च झालं होतं. महाभयंकर एका कोंबड्यावर गेलं होतं. ती आंघोळ करताना नवे शब्द शोधायची आणि प्रत्येक शब्दावर तिला फ्यूजचा हात बिस्किटाकडे जाताना दिसायचा.

याच तंद्रीत ती एका नर्सला शिकवत होती. नर्स हुशार, पण घाबरट. एरवी मॅडम प्रत्येक वळणावर ‘सांभाळून!’ म्हणते. चौकात सांभाळून, रिकाम्या रस्त्यावर सांभाळून, गाडी उभी करतानाही सांभाळून. त्या दिवशी ती गप्प होती.

‘मॅडम, आज तुम्ही काहीच बोलत नाही आहात,’ नर्स म्हणाली.

‘तूच बोल,’ मॅडम वैतागून म्हणाली. ‘पुढे काय दिसतंय ते सांगत चल.’

नर्स बोलायला लागली. ‘सरळ रस्ता. डावीकडे दुकानं. एक ट्रक उभा आहे, माल उतरवताहेत. बाकी काही नाही. ट्रकच्या खालून... पाय दिसताहेत. पलीकडून कुणीतरी चालतंय. पुढून बाहेर येईल वाटतं.’ आणि बोलता बोलता तिने गाडी हळू करून थांबवली. ट्रकच्या पुढून एक माणूस खोकं डोक्यावर घेऊन बाहेर आला, त्यांच्या गाडीकडे ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडून गेला.

मॅडमचा पाय तिच्या ब्रेकच्या वर हवेत तसाच राहिला होता. तो दाबलाच गेला नव्हता.

‘का थांबलीस?’ तिने विचारलं.

‘म्हणजे काय मॅडम, पाय दिसले ना!’

मॅडमने नर्सची पाठ अशी थोपटली की ती बिचारी आणखीच घाबरली. इतकी वर्षं आपण सांभाळून सांभाळून ओरडलो आणि ते रेडिओसारखं कुणी ऐकलं नाही. या मुलीला ट्रकखाली दोन पाय दिसले आणि तिचं तिने ठरवलं. घरी येईपर्यंत मॅडम गुणगुणत होती.

रविवारी टेबल मोकळं झालं. मरून आडोसा दादाने घडी करून शेल्फवर ठेवून दिला. त्याच्याशिवाय मॅडमला उघडंउघडं वाटायला लागलं. फ्यूज अंमळ शरमून आला होता, सोबत दोन पुडे घेऊन.

‘आज मी अक्राळविक्राळ म्हणणार नाही,’ मॅडमने जाहीर केलं. ‘तुम्ही विचारायचं. जे आहे ते मी सांगणार. फासे मधोमध पडतील. मी कुणाला वाचवणार नाही.’

‘कबूल,’ दादा म्हणाला.

‘तर खाणीकडे जायची वाट. सकाळ आहे. ऊन आहे. मागे एकदा ज्या लांडग्यांनी तुमच्या नाकी नऊ आणले होते ना, ती टोळी वाटेत पडली आहे. सगळे मेलेत.’

‘वा! आपलं काम वाचलं!’ फ्यूज म्हणाला. ‘चला आत!’

‘थांब रे,’ वहिनी म्हणाली. वहिनी पडदे शिवते, तिला मापाशिवाय चैन पडत नाही. ‘कुणी मारलं? खाल्लेत का त्यांना?’

‘खाल्लेले नाहीत. मोठी पावलं उमटली आहेत. ती गावाच्या बाजूने येऊन खाणीत जातात.’

‘दोन पावलांत अंतर किती?’

‘या टेबलाच्या लांबीएवढं.’

वहिनीने टेबलाकडे पाहिलं. त्यावर वर्तमानपत्राचे कितीतरी अख्खे कागद उलगडून शेजारी शेजारी मांडता आले असते. ‘आणि लांडगे पडलेत तिथे? तिथे किती?’

‘तेवढंच.’

‘लांडग्यांच्या आधी, नंतर, मध्ये, सगळीकडे तेवढंच?’

‘सगळीकडे.’

वहिनी खुर्चीत मागे टेकली. ‘म्हणजे ते थांबलंच नाही. लढाई झालीच नाही इथे. हे वाटेत आले आणि पायाखाली गेले.’

फ्यूजने उचललेलं बिस्किट परत पुड्यावर ठेवलं. एवढी वर्षं खेळताहेत, पण असं कधी घडलं नव्हतं. मॅडमला आतून उकळ्या फुटत होत्या, पण तिने चेहरा सरळ ठेवला.

‘खाणीच्या तोंडाशी?’ दादाने विचारलं.

‘भाले पडलेत. बरेच. तुमच्याआधी कुणी कुणी येऊन गेलं असणार. माणसं दिसत नाहीत.’

दादा भाल्यांवर अडकला. ‘दांडे मोडलेत?’

‘काही मोडलेत. बरेचसे शाबूत आहेत.’

‘आणि टोकं?’

‘चपटी झालीयत.’

दादाने स्वतःशी मान हलवली. बोथट सुईने जाड पुठ्ठा टोचायला गेल्यावर काय होतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? ‘घुसतच नाही त्याच्यात,’ तो हळू म्हणाला.

‘आणि आतून आवाज येतोय,’ मॅडमने सांगितलं, कारण तेही खरं होतं. ‘डावीकडच्या बारक्या बोगद्यातून. कामगार जिवंत आहेत. हाका मारताहेत. ते जे आहे ते मोठ्या बोगद्यात आहे, बारक्यात मावत नाही. तोंड मात्र दोन्ही बोगद्यांचं एकच.’

 मग दादा म्हणाला, ‘माझा भालेवाला पुढे होतो.’

 एवढं सांगून, एवढं दाखवून हा माणूस पुन्हा पुलावर जाऊन उभा राहणार! तिने ठरवलं, आता आडवळणं पुरे.

‘दादा, सरळ सांगते. तुझा सगळ्यात चांगला वार बसला तरी त्याला ओरखडा उठणार नाही. त्याचा एक पंजा तुला नीट लागला तर तू संपलास. हे घाबरवायला बोलत नाहीये. आकडे तसे आहेत.’

दादाने डोळे बारीक केले. ‘म्हणजे तू मला पुन्हा वाचवतेयस?’

‘नाही रे बाबा! वाचवायचं असतं तर बोलले असते का? नेहमीसारखं गुपचूप वाचवलं असतं. सांगतेय, कारण आज वाचवणार नाहीये!’

ती जरा ओरडलीच. वहिनीने थर्मास उगाच इकडचा तिकडे केला. दादा बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. लहानपणी हिने सायकल चालवायला घेतली की तो मागे सीट धरून धावायचा आणि हात सोडलाय हे तिला सांगायचा नाही. वाचवायची खोड या घराण्यात नवी नव्हती. आज मात्र हिने हात सोडलाय हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला.

‘बरं,’ तो म्हणाला. ‘मग मारायचं नाही. मारता येत नाही ते मारायला जायचंच कशाला?’

‘पळायचं?’ फ्यूजने विचारलं. हा शब्द त्याने खेळात पहिल्यांदाच उच्चारला असेल.

‘तू आणि वैदू बारक्या बोगद्यात शिरा, माणसं बाहेर काढा. मी तोंडाशी उभा राहतो, चपटे भाले दगडावर आपटतो, शिव्या देतो. ते माझ्याकडे आलं पाहिजे, तुमच्याकडे नाही. छोटे, तोंडाबाहेर काय आहे? एका बाजूला?’

‘पाणी साठलेला जुना खड्डा. खोल.’

‘उडी मारायला जमेल?’

‘जमेल. पण ते तुला गाठेल, मग उडी. आधी मी त्याचा पंजा टाकणार. लागला, तर तुला चौदा किंवा वर लागेल. चौदा पडले तर जिवावरचं पायावर जाईल आणि तू पाण्यात. तेरा पडले तर नाही.’

‘चौदा किंवा वर,’ दादा म्हणाला. ‘ठीक. मला कळलं.’

फ्यूजचा चोर या वेळी धावला नाही, भिंतीला चिकटून सरपटला. वैदूने एकेका कामगाराला हाताला धरून बाहेर काढलं. दादा खरोखरच पट्टीने टेबल बडवायला लागला आणि त्याने अशा अशा शिव्या दिल्या की वहिनीने तोंडावर हात ठेवला. मग ते मोठ्या बोगद्यातून बाहेर आलं. मॅडमने त्याचं वर्णनच केलं नाही. फक्त म्हणाली, ‘ते आलं,’ आणि सगळ्यांच्या मधोमध फासा टाकला.

सतरा. लागला.

आता दादाची पाळी. त्याने फासा दोन्ही हातांत खुळखुळवला आणि टाकला. फासा टेबलभर गडगडत गेला, सरसाच्या भांड्याला थडकला आणि थांबला.

‘एकोणीस!’ फ्यूज खुर्चीवरून उठलाच. ‘वाचलो! एकोणीस!’

पण फासा सपाट बसलेला नव्हता. भांड्याच्या कडेला टेकून तिरका राहिला होता. तिरका फासा धरायचा नाही, असा नियम. पण तसा फार तिरका नव्हता. जरासा. ‘चालतंय’ एवढं म्हणायची खोटी, सगळे आनंदाने उड्या मारणार होते. मॅडमचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला गेला, अगदी कचकन.  दादा फाशाकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

‘टेकलेला आहे,’ मॅडम म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. ‘धरायचा नाही. पुन्हा टाक.’

‘अहो मॅडम!’ फ्यूज कळवळला.

‘पुन्हा टाक, दादा.’

दादाने फासा उचलला. कुणी विचारलं असतं तर मॅडमने शपथेवर सांगितलं असतं की तिने त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. त्याने टेबलाचा मधला भाग तळव्याने पुसला आणि फासा सोडला. तो फार गडगडला नाही. दोन कोलांट्या खाल्ल्या आणि पुठ्ठ्यांच्या चुऱ्यात सपाट बसला.

पंधरा.

पुढचा काही वेळ नुसता गोंगाट होता. फ्यूजने प्रेसच्या चाकालाच मिठी मारली. वहिनीचे डोळे भरून आले आणि ‘सरसाचा वास झोंबतो मेला’ म्हणून तिने ते पुसले. मॅडम हुश्श करून खुर्चीत पसरली. तिचा कुडता पाठीला चिकटला होता.

‘पाण्यात पडलास,’ ती म्हणाली. ‘जिवंत. पण उजवा पाय पंजाखाली सापडला. मोडला.’

‘मोडला?’ दादाने विचारलं.

‘गुडघ्याखाली. चांगलाच.’

दादा उठला आणि खोलीत चालून बघायला लागला. उजवा पाय ओढत कापायच्या यंत्रापर्यंत गेला, तसाच लंगडत परत आला. एवढा मोठा माणूस, मिशा पिकलेल्या, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ‘लागलं की गं,’ तो म्हणाला. ‘छोटे, मला लागलं!’

‘आण इकडे पाय,’ वहिनी म्हणाली. तिची वैदू खाणीबाहेर कामगारांना पाणी पाजत होती. ‘माझ्या पिशवीत मुळी आहे. लावली की हाड लगेच जुळतं. फासाही टाकावा लागत नाही.’

दादाने खुर्ची ओढली, सावकाश खाली बसला आणि उजवा पाय पुढच्या स्टुलावर लांब करून ठेवला.

‘नको,’ तो म्हणाला. ‘राहू दे थोडे दिवस.’